घरातल्या घरात फाइल का रखडते?

घरातल्या एका संगणकावरून दुसऱ्यावर कॉपी होणारी फाइल सहसा घराबाहेर पडतच नाही. ती वाय-फायने किंवा केबलने राउटरपर्यंत येते आणि तिथूनच दुसऱ्या यंत्राकडे वळते. त्यामुळे इंटरनेटचा प्लॅन ५० एमबीपीएसचा आहे की ५०० चा, याने या कॉपीला काही फरक पडत नाही. इंटरनेट पूर्ण बंद असले, तरी ती चालूच राहते. असे असूनही कॉपी रखडली की पुष्कळ घरांत आधी मोठा प्लॅन घेतला जातो, मग नवा राउटर येतो, आणि वेग होता तिथेच राहतो.

फाइलच्या वाटेवर साधारण पाच टप्पे असतात: पाठवणाऱ्या संगणकाची डिस्क, तिथून राउटरपर्यंतची जोडणी, स्वतः राउटर किंवा स्विच, पुढची जोडणी आणि घेणाऱ्या संगणकाची डिस्क. एकूण वेग यातल्या सर्वांत मंद टप्प्याएवढाच मिळतो. उरलेले चार कितीही वेगवान केले, तरी त्यात भर पडत नाही. म्हणून दुरुस्तीची सुरुवात खरेदीने नव्हे, तर हा मंद टप्पा शोधण्यापासून करायला हवी. तो शोधायला घरात असलेली साधने पुरतात.

पडद्यावरचा आकडा

नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार मात्र बाइटमध्ये. ८ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे १०० एमबीपीएसच्या जोडणीतून सेकंदाला फार तर १२.५ एमबी जाऊ शकतात. डेटासोबत जाणारी पत्ते वगैरे माहिती वजा जाता हाती ११ च्या आसपास लागतात. १ जीबीपीएसच्या, म्हणजे गिगाबिट जोडणीतून ११० ते ११५ एमबी मिळतात. लग्नाच्या फोटो-व्हिडिओंचे ५० जीबीचे फोल्डर पहिल्या जोडणीतून जायला सव्वा तास लागतो. दुसरीतून ते आठ मिनिटांच्या आत पोचू शकते.

चाचणीसाठी चार-पाच जीबीची एकच मोठी फाइल घ्यावी, एखादा चित्रपट किंवा लांब व्हिडिओ. विंडोजमध्ये कॉपीची चौकट उघडी असताना 'मोअर डिटेल्स'वर क्लिक केले की सेकंदाचा वेग आणि त्याचा आलेख दिसतो. वेग ११ वर येऊन सरळ रेषेत थांबला असेल, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसची जोडणी आहे. ३० ते ४० वर थांबला असेल आणि एखादी बाहेरची डिस्क जोडलेली असेल, तर संशय यूएसबी २.० वर जातो. आलेख सतत वरखाली होत असेल, तर वाय-फाय तपासावे. सुरुवातीला वेग भरपूर आणि काही वेळाने एकदम घसरण, असे दिसले तर घेणाऱ्या बाजूची डिस्क मागे पडते आहे. मोठी फाइल झपाट्याने जाते पण फोटोंचे फोल्डर रडतखडत, असे असेल तर अडचण फाइलींच्या संख्येत आहे.

केबल आणि पोर्ट

नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा, म्हणजे पीळ दिलेल्या चार जोड्या असतात. १९९५ साली प्रमाणित झालेल्या १०० एमबीपीएसच्या इथरनेटला त्यातल्या दोनच जोड्या लागतात: जॅकमधल्या १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा. तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिटचे प्रमाण १९९९ मध्ये आले आणि त्याला चारही जोड्या लागतात. उरलेल्या चारपैकी एक तार जरी जॅकमध्ये नीट दाबली गेली नसेल किंवा दारात चेपून तुटली असेल, तर बहुतेक यंत्रे कोणतीही सूचना न देता १०० वर उतरतात. इंटरनेटचा प्लॅन १०० च्या आत असेल, तर हा बिघाड वर्षानुवर्षे लक्षातही येत नाही.

तो पकडणे सोपे आहे. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'इथरनेट' उघडले की लिंक स्पीड लिहिलेला असतो. तिथे १००० ऐवजी १०० दिसले, तर आधी केबल बदलून पाहावी, मग पोर्ट. तरीही आकडा हलला नाही, तर राउटर किंवा स्विचच गिगाबिटचा आहे का ते पाहावे. काही राउटरांचे सगळे पोर्ट १०० चेच असतात, आणि काहींचा एखादाच पोर्ट गिगाबिटचा असतो. दोन्ही संगणकांची जोडणी तपासायला हवी, कारण एका बाजूचे १०० दोन्हींना पुरते.

केबलचा आणखी एक दोष असा की साध्या टेस्टरवर तो दिसतच नाही. जॅकमध्ये तारा रंगांच्या जोड्यांनी ओळीने, म्हणजे १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा बसवल्या, तर टेस्टरचे आठही दिवे लागतात. पण ३ आणि ६ या तारा मिळून एक संकेत वाहतात, आणि या मांडणीत त्या दोन वेगवेगळ्या पिळांतल्या निघतात. पिळामुळे होणारे संरक्षण गेले की शेजारच्या तारांचा गोंगाट आत शिरतो, डेटाची पाकिटे, म्हणजे छोटे तुकडे, खराब होतात आणि ती पुन्हा पाठवावी लागतात. योग्य क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, दोन्ही टोकांना सारखाच. केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ असली की १०० मीटरपर्यंत गिगाबिट चालते, आणि घरात त्याहून लांब केबल लागत नाही.

वाय-फाय

केबलमधून दोन्ही दिशांनी एकाच वेळी डेटा जातो. वाय-फायच्या एका चॅनेलवर मात्र एका वेळी एकालाच बोलता येते, बाकीचे थांबतात. त्यामुळे दोन्ही लॅपटॉप एकाच राउटरच्या एकाच बँडवर (२.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ) असतील, तर प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जाते, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून, आणि वेग जवळपास निम्मा होतो. दोघांपैकी एक यंत्र केबलने जोडणे हा यावरचा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय. एकाच रेडिओवर चालणाऱ्या रिपीटरमुळेही असाच निम्मा वेग जातो.

राउटरच्या खोक्यावरचा आकडाही समजून घ्यावा लागतो. 'एसी१२००' म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची गोळाबेरीज. लॅपटॉप एका वेळी सहसा यातल्या एकाच बँडवर असतो. शिवाय हा हवेतला कमाल वेग आहे. फाइलच्या वाट्याला त्याचा साधारण निम्मा भाग येतो, तोही राउटर जवळ असताना.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून पुढे जातात, पण त्या बँडवर गर्दी फार. एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. सोसायटीत वर-खाली आणि शेजारी असे पाच-सात राउटर असतील, तर ते याच तिघांत वाटले जातात. त्यात मायक्रोवेव्ह ओव्हनची भर पडते. यूएसबी ३.० ची चालू डिस्कसुद्धा याच बँडमध्ये गोंगाट करते, म्हणून ती राउटरच्या अँटेनाला चिकटून ठेवू नये. ५ गिगाहर्ट्झवर जागा जास्त आणि वेगही जास्त, पण आरसीसीच्या भिंतीपलीकडे त्याचा जोर लवकर ओसरतो. लॅपटॉप राउटरच्याच खोलीत नेऊन तीच फाइल पुन्हा पाठवावी. वेग दुप्पट-तिप्पट झाला, तर दोष अंतराचा आणि भिंतींचा; राउटर घराच्या मध्यावर आणि उंचावर हलवला की बरेच काम होते.

डिस्क

फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क मोठी सलग फाइल सेकंदाला १०० ते १५० एमबी वेगाने लिहू शकते. पण ती जुनी असेल, भरत आली असेल किंवा त्याच वेळी दुसरे काम करत असेल, तर हा वेग बराच खाली येतो. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा ४८० एमबीपीएस असली, तरी प्रत्यक्षात ३० ते ४० एमबीच मिळतात. बरेच पेन ड्राइव्ह लिहिताना त्याहूनही मंद असतात. राउटरच्या यूएसबीला डिस्क लावून ती घरभर वापरण्याची सोय चांगली, पण साध्या राउटरचा प्रोसेसर त्या ओझ्याने दमतो.

डिस्कची परीक्षा घ्यायची तर नेटवर्क बाजूला ठेवावे. तीच फाइल त्याच संगणकावर एका डिस्कवरून दुसरीवर कॉपी करावी. तिथेही ती रखडली, तर नेटवर्क निर्दोष आहे. उलट बाजूने पाहायचे असेल, तर 'आयपर्फ ३' हा मोफत प्रोग्राम आहे. तो एका संगणकावर सर्व्हर आणि दुसऱ्यावर क्लायंट म्हणून चालवला की डेटा मेमरीतून मेमरीत जातो. डिस्कचा संबंध येत नाही. निरोगी गिगाबिटवर तो ९४० एमबीपीएसच्या आसपास दाखवतो. असा आकडा मिळूनही कॉपी २० एमबीने होत असेल, तर केबल, स्विच आणि राउटर यांना हात लावण्याचे कारण नाही.

लहान फाइलींचे ओझे

प्रत्येक फाइलसाठी दोन्ही संगणकांत काही निरोप ये-जा करतात: फाइल तयार करा, तारीख नोंदवा, लिहा, बंद करा. शिवाय अँटिव्हायरस प्रत्येक फाइल तपासतो आणि हार्ड डिस्कचे डोके जागा बदलत राहते. दर फाइलमागे ५० मिलिसेकंद गेले असे धरले, तर १०,००० फाइलींमागे आठ मिनिटांहून जास्त वेळ नुसत्या या कारभारात जातो. अशा वेळी फोल्डरची एकच झिप करून पाठवावी. फोटो आणि व्हिडिओ आधीच आकसलेले असतात, म्हणून झिप करताना कॉम्प्रेशन बंद ठेवले की वेळ वाचतो. विंडोजमधली 'रोबोकॉपी' ही आज्ञा एका वेळी अनेक फाइली हलवू शकते. तिचाही उपयोग होतो.

सॉफ्टवेअरची अडवणूक

व्हीपीएन चालू असेल, तर तो बंद करून पाहावा. काही व्हीपीएन घरातला डेटाही बाहेरून फिरवून आणतात किंवा अडवतात. क्लाउडच्या फोल्डरमध्ये टाकलेली फाइल तर बहुधा इंटरनेटवर चढून परत खाली येते. तिथे मात्र प्लॅनचा, विशेषतः अपलोडचा, वेग महत्त्वाचा ठरतो. जुनी नेटवर्क डिस्क चालावी म्हणून एसएमबीची, म्हणजे विंडोजच्या फाइल-शेअरिंग पद्धतीची, पहिली आवृत्ती सुरू करण्याचा सल्ला मिळाला, तर तो मानू नये. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेले 'वॉनाक्राय' हे खंडणीखोर सॉफ्टवेअर याच आवृत्तीतल्या त्रुटीतून शिरले होते.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तीच फाइल पुन्हा पाठवावी आणि आकडा लिहून ठेवावा. दोन बदल एकदम केले, तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही. केबलवर ११० एमबी मिळू लागले, की गिगाबिटमधून मिळण्यासारखे सगळे मिळाले. त्यापुढे २.५ जीबीपीएसची उपकरणे घेण्यात अर्थ आहे तो दोन्ही बाजूंना एसएसडी असतील आणि दोन्ही संगणक तो वेग पेलणारे असतील तरच.