विश्लेषण : बास गिटारला पाचवी तार कशासाठी?

कोल्हापुरात बास गिटार घ्यायला निघालेल्या नवख्या वादकासमोर पहिला प्रश्न येतो तो तारांचा. चार तारांची घ्यावी की पाच? एक तार जादा म्हणजे वाद्य अधिक चांगले, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात याचे उत्तर गायकाच्या पट्टीवर अवलंबून आहे.

पाचवी तार नेमकी कोणती?

चार तारांच्या बासवर जाड तारेपासून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी असे स्वर लावतात. यातील ई तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात. पाचवी तार त्याखालच्या बी स्वराची, म्हणजे सुमारे ३१ हर्ट्झची. माणसाला साधारण २० हर्ट्झपासून ऐकू येते. म्हणजे ही तार कानाच्या तळाजवळची. तिच्यामुळे बी, सी, सी शार्प, डी आणि डी शार्प हे पाचच नवे स्वर मिळतात.

पाच स्वरांनी काय फरक पडतो?

देवल क्लबच्या मैफलीत किंवा घरच्या रियाजात तंबोरा ऐकलेल्यांना हे लगेच कळेल. तंबोऱ्याची शेवटची तार खर्जाची. ती नसेल तर जोडीच्या तारा लागूनही सूर पोकळ वाटतो. बासचे कामही तेच, गाण्याला तळ देणे.

आता पेटीच्या भाषेत पाहू. गायक काळी एकमध्ये गात असेल, तर त्याचा सा म्हणजे सी शार्प. चार तारांच्या बासवर सर्वांत खालचा सी शार्प ए तारेवर चौथ्या पडद्यावर, सुमारे ६९ हर्ट्झला मिळतो. पाचव्या तारेवर तो दुसऱ्याच पडद्यावर, ३५ हर्ट्झच्या आसपास मिळतो. काळी दोनलाही असाच फायदा. मात्र गायिकेची पट्टी काळी पाच असेल, तर ए शार्पचा तो खर्ज बी तारेच्याही अर्धा स्वर खाली जातो. तिथे पाचवी तार सा देऊ शकत नाही.

दुसरा फायदा हाताचा. खालचे स्वर गळ्याच्या मध्यावर मिळतात आणि हात कमी धावतो.

ही तार आली कधी?

लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बास बाजारात आला १९५१ मध्ये. १९६५ च्या फेंडर बास फाइव्हमध्ये पाचवी तार होती, पण ती वरच्या सी स्वराची. खालच्या बी तारेचा बास अमेरिकी वादक जिमी जॉन्सन यांनी १९७६ मध्ये अलेम्बिक कंपनीकडून बनवून घेतला. पुढे १९८० च्या दशकात सिंथेसायझर बासच्या खाली उतरू लागले आणि ही तार रुळली.

तार एवढी जाड का?

लांबी आणि ताण तेवढाच ठेवून ई वरून बी वर उतरायचे, तर तारेचे वजन सुमारे १.८ पट हवे. वजन पुरेसे नसेल तर ताण कमी करावा लागतो आणि तार लुळी पडते. म्हणून काही कंपन्या ३४ ऐवजी ३५ इंची लांबी ठेवतात.

घरात वाजवता येईल?

येईल, पण साध्या गिटारच्या अँपवर नको, त्याचा स्पीकर फाटू शकतो. शेजाऱ्यांचाही विचार हवा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती मोजणारे यंत्र कानाच्या संवेदनेनुसार ३१ हर्ट्झचा आवाज सुमारे ३९ डेसिबलने कमी धरते. त्यामुळे आकडा नियमात दिसतो, तरी शेजारची तावदाने थरथरतात. रियाजाला हेडफोन बरा.

घेण्यापूर्वी काय तपासावे?

- बी तारेचा पाचवा पडदा आणि मोकळी ई तार एकामागून एक वाजवा. स्वर तोच असतो, स्पष्टताही जवळपास तीच हवी.
- गळा रुंद असतो. हात पुरतो का, ते पाहा.
- वाद्य पट्ट्यावर लटकवून दहा मिनिटे उभे राहा. वजन तेव्हाच कळते.
- न वाजणारी बी तारही गुणगुणते. ती अंगठ्याने दाबून धरण्याची सवय लावावी लागते.

मग घ्यावी कोणी?

वेगवेगळ्या पट्टीच्या गायकांना साथ करणाऱ्याला पाच तारा उपयोगी. नवशिक्याला चार पुरतात. कधीतरीच खाली उतरायचे असेल, तर ई तार डीपर्यंत उतरवता येते. त्यासाठी नवे वाद्य लागत नाही.