अतिदक्षतेनंतर (लेखांक ९) : हालचालीची मात्रा

रुग्णाच्या उशाशी ठेवल्या जाणाऱ्या रोजनिशीचे विवेचन पुढील आठवड्यावर टाकणे भाग आहे, कारण एका वाचकाचा प्रश्न निकाली निघाल्याखेरीज पुढील मांडणी अधांतरी राहील. अतिदक्षता विभागात स्नायू इतक्या झपाट्याने झिजत असतील, तर रुग्णाला लवकरात लवकर आणि जास्तीत जास्त हलवणे हाच उपाय नव्हे काय?

२००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेली श्वाइकर्ट आणि सहकाऱ्यांची चाचणी वरवर पाहता या प्रश्नाला होकार देते. तीत व्हेंटिलेटरवरील १०४ रुग्ण दैवगत्या, म्हणजे संशोधकाच्या निवडीला वाव न ठेवता, दोन गटांत विभागले होते. गुंगीची औषधे दोन्ही गटांत रोज काही काळ थांबवली जात. एका गटात मात्र त्याच जागेपणी फिजिओथेरपी आणि व्यवसायोपचार, म्हणजे जेवणे, कपडे घालणे अशा नित्याच्या क्रिया पुन्हा साध्य करून देणारा उपचार, केला जाई. श्वासनलिकेत नळी घातल्यानंतर या गटाचे उपचार साधारण दीड दिवसात, तर दुसऱ्याचे सात दिवस उलटल्यावर सुरू झाले. रुग्णालय सोडताना पहिल्या गटातील ५९ टक्के, तर दुसऱ्यातील ३५ टक्के रुग्ण स्वावलंबी होते.

२०२२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या ‘टीम’ चाचणीने मात्र या उत्साहाला आवर घातला. सहा देशांतील ७५० रुग्णांच्या या चाचणीत एका गटाला रोज सरासरी सुमारे २१ मिनिटे, तर नेहमीचे उपचार मिळणाऱ्या गटाला सुमारे ९ मिनिटे सक्रिय हालचाल घडली. १८० दिवसांपैकी जिवंत राहून रुग्णालयाबाहेर काढलेल्या दिवसांचा मध्यक अनुक्रमे १४३ आणि १४५ निघाला, म्हणजे लाभ दिसला नाही. उलट हृदयाची लय बिघडणे, रक्तदाब किंवा रक्तातील ऑक्सिजन बदलणे यांसारख्या, हालचालीमुळे घडल्या असाव्यात अशा प्रतिकूल घटना पहिल्या गटात ९.२ टक्के आणि दुसऱ्यात ४.१ टक्के रुग्णांत आढळल्या.

या दोन निष्कर्षांत विरोध आहे असे मानणे घाईचे ठरेल. पहिल्या चाचणीतील तुलना लवकर आणि उशिरा यांच्यात होती, तर दुसरीतील जास्त आणि कमी यांच्यात. शिवाय दुसरीत ‘नेहमीचे उपचार’ घेणारा गटही अंथरुणाला खिळून नव्हता. मोजमापही निराळे होते, कारण एकीने रुग्ण स्वतःचे स्वतः किती करू शकतो हे पाहिले, तर दुसरीने तो किती दिवस जिवंत आणि रुग्णालयाबाहेर राहिला हे मोजले. पुनर्वसनाच्या संशोधनात खरी अडचण इथेच येते: गोळीची मात्रा मिलिग्रॅममध्ये सांगता येते, परंतु व्यायामाच्या मात्रेत वेळ, तीव्रता, प्रारंभाचा दिवस आणि रुग्णाची शुद्ध हे सारे एकत्र येते, आणि तुलनेचा गटही कालौघात सुधारत जातो.

तेव्हा वाचकाच्या प्रश्नातील ‘लवकर’ला आधार आहे, ‘जास्तीत जास्त’ला नाही. आप्त अतिदक्षता विभागात असेल, तर त्याला अधिक चालवण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरू नये; गुंगी रोज कमी करून पाहिली जाते का आणि त्याला बसते करण्याचा विचार केव्हा होणार आहे, एवढे मात्र डॉक्टरांना अवश्य विचारावे.