याबाची प्रयोगशाळा आणि हिंदुस्थानातली माकडं

लागोसजवळ याबा इथे रॉकफेलर फाउंडेशनच्या पीतज्वर आयोगाने १९२५ साली प्रयोगशाळा थाटली. हा रोग डास पसरवतो, हे वॉल्टर रीड यांच्या पथकाने १९०० मध्ये क्यूबात दाखवलं होतं. पण त्यासाठी डास माणसांनाच चावू द्यावे लागले. हा आजार जडेल असा दुसरा प्राणीच ठाऊक नव्हता. याबात गिनीपिग झाले, आफ्रिकेतली माकडं झाली. कशाचाच उपयोग होईना.

जून १९२७ मध्ये, आजच्या घानातल्या असिबी नावाच्या तापकरी तरुणाचं रक्त हिंदुस्थानातल्या लाल तोंडाच्या ऱ्हीसस माकडाला टोचलं. असिबी बरा झाला, माकड मेलं. आफ्रिकी माकडं पिढ्यान्‌पिढ्या पीतज्वराच्या विषाणूच्या सहवासात वाढली. भारतात पीतज्वराची साथ आलीच नाही, म्हणून आपल्याकडची माकडं इतकी दुबळी ठरली असावीत. या यशाची किंमत त्या मुक्या जिवांनी मोजली, हे विसरता येत नाही.

संशोधकांनीही मोजली. डासाला जाळीबाहेर ठेवता येत होतं, पण आता विषाणूने भरलेलं रक्त रोज हाताळावं लागत होतं. एड्रियन स्टोक्स सप्टेंबर १९२७ मध्ये पीतज्वराने गेले. मे १९२८ मध्ये अक्रा इथे हिदेयो नोगुची गेले आणि त्यांचं शवविच्छेदन करणारे विल्यम यंगही काही दिवसांतच. बाउअर आणि हडसन या संशोधकांनी माकडांच्या न खरचटलेल्या कातडीला बाधित रक्त नुसतं लावलं, तरी ती आजारी पडली. डास न चावताही हा आजार होतो, हे त्यातून पक्कं झालं.

सुटकेची वाट उंदराने दाखवली. मॅक्स थायलर यांनी १९३० मध्ये पांढऱ्या उंदरांच्या मेंदूत विषाणू वाढवला. त्या कामात त्यांनाही हलका पीतज्वर झालाच. उंदरांत वाढवून बदललेला विषाणू आणि बऱ्या झालेल्या माणसांचा रक्तद्रव एकत्र देऊन संशोधक सॉयर यांच्या गटाने १९३१ मध्ये लस केली, ती आधी प्रयोगशाळेतल्या माणसांसाठी. सगळ्या जगाला पुरेल इतका रक्तद्रव आणणार कुठून?



रक्तद्रवाची गरज १९३७ च्या १७डी लशीने संपवली. नायजेरियाला निघालेला मुंबईकर आज टोचून घेतो ती हीच लस, असिबीच्या रक्तातल्या विषाणूपासून उतरलेली.