गेम मराठीत आणायचाय? आधी खेळणारा का वैतागतो ते बघा

जव्हारच्या बॅचमध्ये एका मुलाने विचारलं, "सर, मी दिवसाला तीन तास गेम खेळतो. यातून काही धंदा होईल का?" सगळे हसले. मी त्याला म्हटलं, मोबाईल दाखव.

त्याच्या मोबाईलवर एक गेम मराठीत सुरू होता. एका बटणावर लिहिलेलं, "वाचवा". त्याला वाटलं कोणीतरी मदत मागतंय, म्हणून त्याने ते दाबलंच नाही. ते होतं सेव्हचं बटण! सगळी प्रगती गेली. पठ्ठ्याने गेम उडवला आणि एक स्टार देऊन मोकळा झाला. आता बघा, त्या कंपनीने मराठीसाठी पैसे खर्च केले आणि त्या मराठीमुळेच ग्राहक गेला. ही चूक वेळेत दाखवून देणारा माणूस त्यांच्याकडे नव्हता. तो माणूस मोखाड्यात बसलेला असू शकतो की नाही? आजचा विषय तोच.

या कामाला लोकलायझेशन म्हणतात. नुसतं भाषांतर हा त्यातला छोटा भाग. सोपं आहे असं समजू नका. 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला, आपल्या पुराणकथांवर बेतलेला. तो 2020 मध्ये आला, पण त्यात हिंदी आवाज आले 2022 च्या सुधारित आवृत्तीत. पुण्यातला गेम, तरी आधी इंग्रजी!

मराठीची पहिली अडचण शब्दांची नसते, अक्षरांची असते. बरेच मोबाईल गेम युनिटी नावाच्या इंजिनवर बनतात. त्यातल्या नेहमीच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये देवनागरी आपोआप नीट जुळत नाही. जोडाक्षरं सुटी पडतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. 'शिवनेरी' लिहिलं की पडद्यावर 'शविनेरी' दिसतं. बनवणाऱ्याला मराठी येत नसेल तर त्याच्या लक्षातही येत नाही. गोडो हे फुकट इंजिन चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे मार्च 2023 पासून, ही जुळणी स्वतः करतं. फॉन्टसाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू आहेत, धंद्यातही विनामूल्य वापरता येतात. फॉन्ट बसवला की 'ळ' आणि 'दुसऱ्या'मधला 'ऱ्या' आधी तपासा. तिथेच गडबड सापडते.

मग व्याकरण. गेममध्ये वाक्यं साच्यात भरलेली असतात: वस्तूचं नाव आणि पुढे 'ने'. इंग्रजीत हे चालून जातं. आपल्याकडे घोडा आला की 'घोडाने' होतं, तलवार आली की 'तलवारने'. आपण म्हणणार घोड्याने, तलवारीने. 'तू जिंकलास' लिहिलं तर खेळणारी मुलगी म्हणणार, मी कुठे गेले? तिथे 'तुम्ही जिंकलात' लिहा, दोघांना चालतं. आणि कृपा करून लेव्हलचं 'स्तर' आणि कॉइनचं 'नाणे' करू नका. आपल्या पाड्यावरचं पोरगं लेव्हलच म्हणतं. त्यात जव्हार-मोखाड्यात कित्येक घरांत बोली वारली, कोकणा नाहीतर ठाकरी. शाळेच्या पुस्तकातली मराठी तिथे आधीच थोडी परकी असते.

अजून एक गंमत. बहुतेकांच्या फोनची भाषा इंग्रजीच असते. गेम फोनची भाषा बघून सुरू होतो, त्यामुळे मराठी असूनही कोणाला दिसत नाही. गेमच्या आतच भाषा बदलायचं बटण हवं. अँड्रॉइड अ‍ॅप बंडलमध्ये भाषेच्या फायली वेगळ्या होत असतील, तर फोनच्या भाषेचीच फाइल डाउनलोड होते. मग बटण असूनही मराठी येत नाही. हे बनवणाऱ्याला सांगा, तो चाट पडेल.

आता गूगल प्लेचे नियम, कारण पैसे आणि मेहनत दोन्ही इथे अडकतात. खातं उघडायला एकदाच 25 डॉलर. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल, तर गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी बंद चाचणी घ्यावी लागते: किमान 12 परीक्षक, सलग 14 दिवस. आधी ही संख्या 20 होती. बारा माणसं म्हणजे काय, मामा-मावशीची पोरं धरली की झाली, असं वाटतं. पण दहाव्या दिवशी कोणी चाचणीतून बाहेर पडला तर गणित बिघडतं. आणि आपल्याकडे रेंज मिळवायला कोणी टेकडीवर जातं, ते वेगळंच.

म्हणूनच मराठी वाचून चुका लिहून देणारे बारा खरे लोक तुमच्याकडे असतील, तर ते भांडवल आहे. फक्त पैसे घेऊन स्टार देऊ नका. विकत घेतलेले रिव्ह्यू नियमाबाहेर आहेत, खातं कायमचं बंद होऊ शकतं.

गेमचं नाव 30 अक्षरांत बसवावं लागतं, आणि तिथे प्रत्येक काना-मात्रा वेगळी मोजली जाते. 'किल्ल्यांची' डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, मोजली जातात अकरा. त्यामुळे इंग्रजी नावाचं शब्दशः मराठी करून भागत नाही, नवं नाव सुचवावं लागतं.

काम कोणाचं घ्यायचं, हेही बघा. 28 जुलै 2022 ला बीजीएमआय सरकारी आदेशावरून प्ले स्टोअरवरून गेला आणि मे 2023 च्या अखेरीस परत आला. दहा महिने! एकाच गेमवर ज्यांचं पोट होतं त्यांनी काय केलं असेल? आणि ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केलेत. त्यांची जाहिरात केली तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'फक्त चार ओळी मराठीत करून द्या' असं रमीवाल्याने सांगितलं, तरी नाही म्हणा.

सुरुवात अशी करा. मराठी असलेला एखादा छोटा गेम घ्या. एक-दोन स्टारचे रिव्ह्यू वाचा. भाषेच्या दहा चुकांचे स्क्रीनशॉट काढा, शेजारी दुरुस्ती लिहा. प्ले स्टोअरच्या पानावर बनवणाऱ्याचा ईमेल असतो, त्यावर पाठवा. पहिल्या दहा फुकट, पुढचं काम तासावर. गेममध्ये वारली चित्रं असतील तर तीही बघा. तारपा वाजवणारा मध्ये आणि नाचणारे भोवती, हे बाहेरच्याला माहीत नसतं. तुम्ही लहानपणापासून बघताय.

चुकांची शीट कशी बनवायची, कोणते रकाने ठेवायचे, ते पुढच्या व्हिडिओत करून दाखवतो. तोपर्यंत तुमचे दहा स्क्रीनशॉट तयार ठेवा.