विश्लेषण : मुंबईत असूनही खाडीपलीकडे… गोराईचे पाणी, जेट्टी आणि सुरक्षा नेमकी कोणाच्या हातात?

जवळपास चार वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर मुंबई महापालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी पार पडली आणि शहरातील २२७ प्रभागांना पुन्हा नगरसेवक मिळाले. खाडीपलीकडच्या गोराई गावातील मागण्या या निवडणुकीतही जुन्याच होत्या. पुरेसे पाणी, रात्री-अपरात्री रुग्णाला नेण्याची सोय, किनाऱ्यावरची सुरक्षा आणि गावाच्या जमिनीचे भवितव्य. नगरसेवक आल्याने यातील किती प्रश्न सुटू शकतात? महापालिकेच्या तिजोरीतून गोराईसाठी काय होऊ शकते आणि कोणत्या कामात महापालिकेचाच संबंध येत नाही?

आधी, कोणती गोराई?

बोरिवली स्थानकाच्या पश्चिमेला रिक्षाचालकाला नुसते ‘गोराई’ सांगितले तर तो म्हाडाच्या वसाहतीत, गोराई एक किंवा दोनमध्ये नेऊन सोडतो. ही अलीकडची गोराई. बैठी घरे, इमारती, बेस्टचा आगार, शाळा, बाजार असे सगळे उपनगराचे रूप तिला आहे. मूळ गोराई गाव मात्र मनोरी खाडीच्या पलीकडे, धारावी बेटावर आहे. (झोपडपट्टीसाठी ओळखली जाणारी धारावी वेगळी. हे बेट उत्तन, गोराई, मनोरी या गावांचे. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतलेला धारावीचा किल्ला याच बेटावरचा.) कोळी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि पाड्यांवरचे वारली आदिवासी ही येथील जुनी वस्ती. मासेमारी आणि भाजीपाल्याची शेती हे जुने व्यवसाय. बाबरपाडा, जामझाडपाडा अशा पाड्यांची नावे मुंबईच्या नकाशावर आहेत, हे बोरिवलीतील अनेकांनाही ठाऊक नसते.

गोराई जेट्टीवरून बोटीने पलीकडे जायला काही मिनिटे लागतात. वाहनाने जायचे तर दहिसर, भाईंदर, उत्तन असा सुमारे २५ किलोमीटरचा वळसा पडतो. म्हणजे मुंबईच्या एका विभागातून त्याच विभागात जाण्यासाठी शहराची आणि जिल्ह्याची हद्द ओलांडून परत यावे लागते. गोराईचे बहुतेक प्रश्न या वळशातून निर्माण झाले आहेत.

एक बेट, तीन कारभारी

गोराई गाव महापालिकेच्या बोरिवली येथील आर मध्य विभागात येते. शेजारचे मनोरी मालाडच्या विभागाशी जोडलेले आहे. उत्तरेकडचे उत्तन, पाली, चौक, डोंगरी हा भाग २००२ मध्ये स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर महापालिकेत, म्हणजे ठाणे जिल्ह्यात आहे. किनारा सलग, रस्ता एकच, पण कचरा उचलणारे, कर घेणारे आणि पोलीस वेगवेगळे. गोराई मुंबई पोलिसांकडे, तर उत्तन २०२० मध्ये सुरू झालेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे. विजेच्या बाबतीत मात्र बेट एकसंध आहे. उपनगरांपासून भाईंदरपर्यंत एकच खासगी कंपनी वीज पुरवते.

मतदानातही हा फरक दिसतो. १५ जानेवारीला मीरा-भाईंदर महापालिकेसाठीही मतदान झाले. तेथे बहुसदस्यीय प्रभाग असल्याने उत्तनच्या मतदाराने एकाहून अधिक उमेदवारांना मते दिली. गोराईच्या मतदाराने एकच बटण दाबले, कारण मुंबईत एक प्रभाग, एक नगरसेवक ही पद्धत कायम आहे. लोकसभेला गोराई उत्तर मुंबईत आणि उत्तन ठाण्यात जाते.

मतांचे गणित गोराई गावाला प्रतिकूल का?

मुंबईच्या प्रभागरचनेला २०११ च्या जनगणनेचा आधार आहे. त्यानुसार शहराची लोकसंख्या १ कोटी २४ लाख ४२ हजार. तिला २२७ ने भागले तर सरासरी प्रभाग सुमारे ५५ हजार लोकसंख्येचा होतो. गोराई गाव आणि पाडे मिळून लोकसंख्या काही हजारांतच आहे. त्यामुळे गावाचा प्रभाग खाडीच्या अलीकडची वस्ती जोडल्याशिवाय पूर्ण होत नाही आणि निवडणुकीचा निकालही अलीकडेच ठरतो. पार्किंग, पुनर्विकास, फेरीवाले हे बोरिवलीचे प्रश्न प्रचारात पुढे राहतात. खाडीपलीकडे प्रचाराची बोट जाते, पण फेऱ्या मोजक्याच.

याला दुसरी बाजूही आहे. शहरात यंदा जवळपास ५३ टक्के मतदान झाले. निम्म्याच्या आसपास मतदार घरी बसतात, तेव्हा एकगठ्ठा मतदान करणाऱ्या छोट्या गावाचे वजन त्याच्या लोकसंख्येपेक्षा वाढते. चुरशीच्या लढतीत काही शे मतेही निर्णायक ठरू शकतात. गावकीची बैठक कोणत्या उमेदवाराला बोलावते, याकडे म्हणूनच पक्षांचे लक्ष असते.

नगरसेवकाच्या हाती किती पैसा?

महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा होता. काही छोट्या राज्यांच्या अर्थसंकल्पांहून मोठा, असे त्याचे वर्णन दरवर्षी होते. मात्र यातील नगरसेवकाच्या शिफारशीने खर्च होणारा वाटा नगण्य आहे. मागच्या सभागृहाच्या काळात नगरसेवकाला वर्षाला ६० लाख रुपयांचा नगरसेवक निधी आणि एक कोटीचा विकास निधी मिळत असे. त्यातून गटार, पायवाट, लादीकरण, दिवे, शौचालयाची दुरुस्ती अशी कामे होतात. खाडीखालून जलवाहिनी नेण्याचे काम या रकमेत बसत नाही.

त्यानंतरची पायरी प्रभाग समितीची. मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार अर्थसंकल्पात तरतूद असेल तर पाच लाख रुपयांपर्यंतच्या स्थानिक कामांना ही समिती मंजुरी देऊ शकते. आर मध्य आणि आर उत्तर, म्हणजे बोरिवली आणि दहिसर, यांची समिती एकत्र आहे. पाच लाखांत आज एखादी गल्ली धड होते. समितीची खरी ताकद मंजुरीत कमी आणि प्रश्न विचारण्यात अधिक असते. विभागाचे सहायक आयुक्त आणि अभियंते तेथे हजर असतात, उत्तरे इतिवृत्तात नोंदवली जातात. ७ मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपल्यापासून हे व्यासपीठच बंद होते.

त्या काळात पैसे थांबले नव्हते, फक्त ते मागण्याची वाट बदलली. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रशासनाने शहरातील ३६ आमदारांच्या मतदारसंघांसाठी प्रत्येकी ३५ कोटी, म्हणजे एकूण १,२६० कोटी रुपयांची तरतूद केली. त्यातील सुमारे ५०० कोटी रुपये वर्षअखेरपर्यंत सत्ताधारी पक्षांच्या आमदारांकडे गेले आणि विरोधकांच्या वाट्याला काहीच आले नाही, हे ‘इंडियन एक्स्प्रेस’ने जानेवारी २०२४ मध्ये उघड केले. रस्ता कोणत्या पक्षाच्या मतदाराच्या दारात आहे यावर डांबर अवलंबून असेल, तर तो करदात्याच्या पैशाचा गैरवापरच म्हणावा लागेल.

तिजोरीवर ताण आहे का?

आहे. १ जुलै २०१७ रोजी जकात बंद झाली आणि महापालिकेचे हक्काचे उत्पन्न राज्याकडून येणाऱ्या जीएसटी भरपाईत बदलले. २०२५-२६ मध्ये ही रक्कम सुमारे १४ हजार ४०० कोटी गृहीत होती. मालमत्ता करातून ५,२०० कोटींचे लक्ष्य होते. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून हा कर माफ आहे. लहान घरांना त्याचा दिलासा मिळतो, पण ‘आम्ही कर भरतो’ हा मतदाराचा जुना युक्तिवाद त्यामुळे थोडा बोथट झाला. (पाणीपट्टी मात्र भरावीच लागते.) दुसरीकडे सागरी किनारा मार्ग, मलनिस्सारण प्रकल्प, रस्त्यांचे काँक्रीटीकरण अशा कामांचा बोजा वाढत असताना मुदत ठेवी काही वर्षांत ९० हजार कोटींच्या घरातून ८० हजार कोटींच्या घरात आल्या आहेत. छोट्या वस्तीच्या, खर्चिक आणि परवानग्यांत अडकणाऱ्या कामांना अशा वेळी प्राधान्य मिळणे अवघड होते.

पाण्याचे काम रखडते कुठे?

गोराई मुंबईच्या जलवितरणाच्या जाळ्याच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे. धरणातून आलेले पाणी शहर पार करून, बोरिवलीची गरज भागवून पुढे सरकते, तोवर दाब उरत नाही. म्हणून टाक्या आणि उदंचन पंपांशिवाय तेथे भागत नाही आणि विहिरी, टँकर यांचा आधार वर्षानुवर्षे घ्यावा लागला. मोठ्या जलवाहिनीचा खर्च पाणीपुरवठा व मलनिस्सारणाच्या ‘ग’ अर्थसंकल्पातून, जलअभियंता खात्यामार्फत होतो. घरगुती जोडणी, गळती, वेळापत्रक हे विभाग कार्यालयातील जलकामे अभियंत्याचे काम. तक्रार चुकीच्या टेबलावर गेली तर सहा महिने सहज जातात.

त्यात कांदळवनांची भर. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८ च्या आदेशांनुसार कांदळवनांत आणि त्यांच्या भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई आहे. सार्वजनिक हिताच्या कामालाही न्यायालयाची परवानगी लागते. त्याआधी सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण आणि वन खाते. गोराईला तिन्ही बाजूंनी कांदळवने आहेत, त्यामुळे नळ, खांब, धक्का यांपैकी कोणतेही काम याच रांगेतून जाते. हे नियम नकोत, असे कोळीवाड्यातही कोणी म्हणणार नाही. खाडीतील मासळी याच झाडांच्या मुळांशी वाढते. गाऱ्हाणे विलंबाचे आहे.

पाड्यांवरील रहिवाशांची आणखी एक अडचण होती, ती कागदपत्रांची. मे २०२२ मध्ये महापालिकेने आणलेल्या ‘सर्वांसाठी पाणी’ धोरणाने घराच्या अधिकृततेचा मुद्दा बाजूला ठेवून जोडणी देण्याची वाट खुली केली. अर्ज केल्याशिवाय मात्र त्याचा उपयोग नाही. मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा दररोज २० कोटी लिटर क्षमतेचा, पुढे ४० कोटी लिटरपर्यंत वाढवता येणारा प्रकल्प २०२० मध्ये जाहीर झाला होता. तो झाला तरी पाणी शहराच्या जाळ्यात जाईल. शेजारच्या गावांना त्यातून किती, हा प्रश्न प्रभाग समितीत लेखी विचारण्यासारखा आहे.

बोट, जेट्टी आणि किनारा

येथे महापालिकेचा हात आखडतो. जेट्टी आणि प्रवासी बोटींचा परवाना हा महाराष्ट्र सागरी मंडळाचा विषय आहे. धक्क्यावरील तुटलेली पायरी, बोटीतील गर्दी, जीवरक्षक जाकिटे यांची तक्रार विभाग कार्यालयात केली तर ती फार तर पुढे पाठवली जाते. ‘एस्सेल वर्ल्ड’ १९८९ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून खाडीतली बोट हा पर्यटनाचाही भाग बनला. २००९ मध्ये ग्लोबल विपश्यना पॅगोडाचे उद्घाटन झाले. एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये बंद पडले, पॅगोडा आणि किनारा यांची गर्दी राहिली. गावकऱ्यांसाठी मात्र हीच बोट म्हणजे बाजार, कॉलेज आणि दवाखाना. रात्री बोट थांबली की प्रसूतीच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला भाईंदरमार्गे न्यावे लागते. त्या २५ किलोमीटरांत काय होऊ शकते, हे गावात वेगळे सांगावे लागत नाही.

किनाऱ्यावरील जीवरक्षक ही जबाबदारी मात्र महापालिकेच्या अग्निशमन दलाची. गिरगाव, दादर, जुहू, वेसावे, अक्सा आणि गोराई अशा सहा चौपाट्यांवर ही व्यवस्था आहे. अडचण अशी की गोराईच्या लांबलचक किनाऱ्यावर रिसॉर्ट आणि बंगल्यांतून कुठूनही पाण्यात उतरता येते आणि काही अंतरावर हद्दच बदलते. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि महापालिकेच्या आपत्कालीन कक्षासाठी १९१६ हे क्रमांक फोनमध्ये असावेत. फोन करताना ‘गोराई गाव, खाडीपलीकडे’ असे स्पष्ट सांगावे, नाहीतर मदत म्हाडा वसाहतीत पोहोचते.

जमिनीचा प्रश्न

गोराई-मनोरी-उत्तन पट्ट्यासाठी एमएमआरडीएची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली आणि पर्यटन विकासाचा आराखडा पुढे आला. त्याआधी याच भागात विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रस्ताव होता. दोन्ही वेळा गावांनी कडाडून विरोध केला. येथे रस्ता कुठून जाणार आणि शेतावर काय उभे राहू शकते, हे ठरवण्यात नगरसेवकाला थेट मत नाही. त्यासाठी हरकती व सूचनांची मुदत पाळावी लागते आणि आमदार-खासदारांना विचारावे लागते. पुलाची मागणी निघाली की गावातही दोन सूर उमटतात. पूल आला तर रुग्णवाहिका येईल आणि तिच्यामागून बिल्डरही, ही भीती खोटी म्हणता येत नाही.

सध्या चर्चा आहे ती वर्सोवा ते दहिसर या सुमारे १६ हजार ६०० कोटी रुपयांच्या मार्गाची. त्याच्या सहा टप्प्यांपैकी एक ‘चारकोप ते गोराई’ आणि दुसरा ‘गोराई ते दहिसर’ असा आहे. हजारो कांदळवृक्ष बाधित होणार असल्याने महापालिकेला उच्च न्यायालयात जावे लागले. निविदेच्या कागदांवर गोराईचे नाव ठळक आहे. ती गोराई खाडीच्या अलीकडची, बोरिवलीतली.