घरातलं भांडण गाण्यात आणणारी लोरेटा

1953 साली वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर या खेड्यात ऑलिव्हर लिनने बायकोसाठी सिअर्सच्या दुकानातून 17 डॉलरची हार्मनी गिटार आणली. पोरांना झोपवताना लोरेटा गायची, तो आवाज त्याने हेरला होता. ती तेव्हा चार मुलांची आई होती. गिटार तिने आपली आपणच शिकून घेतली. नवरा दारू प्यायचा, बाहेरख्याली होता, आणि गा म्हणून तिच्या मागे लागणाराही तोच. कंट्री गायिका लोरेटा लिनच्या गाण्यांचं मूळ शोधताना केंटकीच्या डोंगरांइतकंच या संसाराकडे पाहावं लागतं, असं माझं ठाम मत आहे.

डोंगरांचं ऋण आहेच. 14 एप्रिल 1932 रोजी व्हॅन लिअरजवळच्या बुचर हॉलर या घळीत तिचा जन्म झाला. आठ भावंडांत ती दुसरी. वडील टेड वेब कोळशाच्या खाणीत राबायचे. घरात बॅटरीवरचा रेडिओ होता आणि शनिवारी रात्री त्यावर नॅशव्हिलचा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्री गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. शिवाय या डोंगराळ मुलखात ब्रिटनहून आलेल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या जपलेली कथागीतं होती. लोकगीतांचा संग्राहक सेसिल शार्पने 1916 ते 1918 या काळात अॅपलाचियाच्या डोंगरांत हिंडून अशी गाणी टिपून ठेवली. फसवणूक, सूड, खून, सगळं त्यांत आडपडदा न ठेवता सांगितलेलं असतं. लोरेटाच्या गाण्यातली सरळ गोष्ट सांगायची रीत मला तिथलीच वाटते.

1960 मध्ये कॅनडातल्या नॉर्म बर्लीच्या पाठबळावर झीरो रेकॉर्ड्सने तिचं ‘आय अॅम अ हॉन्की टॉंक गर्ल’ काढलं. शब्द आणि चाल तिचीच. कंपनी इवलीशी, जाहिरातीला पैसा नाही. मग नवराबायको मोटार घेऊन निघाले. वाटेत दिसेल त्या रेडिओ केंद्रात शिरायचं, निवेदकाला गळ घालायची, रात्र गाडीतच काढायची. गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत 14व्या क्रमांकापर्यंत चढलं. त्याच ऑक्टोबरात ती ऑप्रीच्या मंचावर उभी राहिली. हे पाहायला वडील नव्हते. आदल्याच वर्षी ते गेले होते.

नॅशव्हिलमध्ये गायक विल्बर्न बंधूंचा आधार मिळाला, डेका कंपनीत ओवेन ब्रॅडलीसारखा निर्माता लाभला आणि पॅट्सी क्लाइनसारखी मैत्रीण भेटली. ही मैत्री पॅट्सीचा जीव घेणाऱ्या 1963च्या विमान अपघाताने तोडली.

खरी झेप मात्र शब्दांची होती. बायकांची बाजू मांडणारी गाणी आधीही होती. किटी वेल्सचं 1952चं गाजलेलं गाणं घ्या, पण ते लिहिलं होतं जे. डी. मिलर या पुरुषाने. लोरेटा स्वतः लिहीत होती. एकदा कार्यक्रमाआधी एक बाई तिच्यापाशी रडली: नवरा दुसरीला घेऊन समोरच बसला होता. लोरेटाने त्या दुसरीकडे एक नजर टाकली, तुझा नवरा पळवण्याएवढी ती बाईच नाही असं हिला सांगितलं, आणि त्यातूनच 1966चं ‘यू एन्ट वुमन इनफ’ जन्मलं. पुढच्या वर्षी पहिल्या क्रमांकावर पोहोचलेलं तिचं पहिलं गाणं पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याला उद्देशून होतं, आणि ते तिने बहिणीबरोबर लिहिलं होतं. ऐकणाऱ्या बायकांना यातलं काहीच समजावून सांगावं लागत नव्हतं. 1970च्या ‘कोल मायनर्स डॉटर’मध्ये तिने आपलं बालपण मांडलं. ते इतकं लांबलं की ब्रॅडलीच्या सांगण्यावरून काही कडवी गाळावी लागली. ती आज हाती असती तर, ही हळहळ मला अजून वाटते. 1972 मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ हा सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली.

त्याच वर्षी तिने ‘द पिल’ ध्वनिमुद्रित केलं. सततच्या बाळंतपणांना कंटाळलेली बायको त्यात गर्भनिरोधक गोळीचं उघड स्वागत करते. गाणं इतरांनी लिहिलेलं, पण ते म्हणायचा अधिकार सहा मुलांच्या या आईइतका कुणाला होता? कंपनीने ते तीन वर्षं दाबून ठेवलं. 1975 मध्ये बाहेर आल्यावर अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. तरीही कंट्री यादीत ते 5व्या क्रमांकावर गेलं आणि पॉपच्या यादीतही 70व्या स्थानी पोहोचलं. तिच्या एकटीच्या कुठल्याच गाण्याने त्या यादीत याहून वरची जागा गाठली नाही.