फौजी सभासदांनो, कार्ड काढले का?



ऊस नोंदीला गटात फिरताना एखाद्या बांधावरून "जयहिंद, साहेब" असा आवाज येतो. घर फौजीचे, हे लगेच कळते. गेल्या हंगामात अशाच एका निवृत्त हवालदार सभासदांच्या छातीत रात्री कळ आली. घरच्यांनी समोर दिसेल त्या दवाखान्यात नेले. जीव वाचला, पण बिलापायी ऊसबिलावर उचल घ्यावी लागली. मी विचारले, "अण्णा, ई.सी.एच.एस.चं कार्ड?" तर म्हणाले, "कार्ड काढलं की पेन्शनीतले औषधाचे महिन्याचे हजार रुपये बंद होतात, म्हणून राहिलं."

हिशेब चुकला तो इथेच. ही माजी सैनिकांची आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून चालू आहे. पेन्शनर सभासद होतो. शिपाई ते हवालदार यांना एकदाच ३०,००० रुपये भरायचे, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांना ६७,०००. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि वीरपत्नींना तेही माफ. पत्नी तर येतेच. अवलंबून असलेली मुले व आई-वडीलही नियमात बसले तर येतात. आधी पॉलिक्लिनिकला जायचे, औषध तिथेच मिळते. मोठे दुखणे असेल तर तिथली चिठ्ठी घेऊन योजनेतल्या दवाखान्यात जायचे. मग बिल परस्पर भागते.

रात्री-अपरात्री बाहेरच्या दवाखान्यात जावे लागले, तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. बिल आधी आपण भरायचे, मग सरकारी दराने परत मिळते. दर कमी असतो, सगळे मिळेल असे धरू नका.

आता माता-भगिनींसाठी. मालक गेले म्हणजे हक्क गेला, असे नाही. फॅमिली पेन्शन असेल तर तुम्हालाही कार्ड मिळते. अडते ते नावात. फौजेच्या रेकॉर्डला एक नाव, आधारला दुसरे. सात-बारावरचे नाव दुरुस्त करायला आपण तलाठ्याकडे चार हेलपाटे घालतो, मग याला कंटाळा का? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज द्या, दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसकडून होते.

पेन्शनीविना घरी आलेल्या हवालदारापर्यंतच्या जवानांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून औषधोपचारासाठी अनुदान आहे. तोही अर्ज याच कार्यालयातून जातो.

कार्डाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. नातवाला बसवा. नाहीच जमले तर पी.पी.ओ., डिस्चार्ज बुक आणि आधार घेऊन गट ऑफिसला या. लागणीच्या नोंदी आटोपल्या की दुपारी मी तिथेच असतो.

— ऊस विकास अधिकारी